मेलबर्नची कसोटी आणि काकांची वही : हर्णै ते देवगड

२५ डिसेंबर २०२४, बुधवार. पुणे ते हर्णै

काकांच्या दुसऱ्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नोव्हेंबरच्या अखेरीस पुण्यात झाले आणि महिनाभराने डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, तेव्हा त्यांना देवगड तालुक्यातल्या घरी पोहोचवण्याचे काम माझ्याकडे आले. वयाच्या शहात्तराव्या वर्षी एका दिवसात आठ-नऊ तास गाडीत बसणे त्यांना झेपणारे नव्हते. शिवाय २६ तारखेपासून मेलबर्नला भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेतली चौथी कसोटी सुरू होणार होती, आणि कसोटी चालू असताना सकाळी प्रवास करायचा नाही ही त्यांची अट होती. तिकडचा खेळ आपल्याकडे पहाटे पाचला सुरू होतो आणि दुपारी बारा-साडेबाराला संपतो. तेव्हा महामार्ग सोडून सागरी मार्गाने जायचे, सकाळ खेळाला द्यायची आणि दुपारनंतर जेवढे जमेल तेवढे अंतर कापायचे असे ठरले. सोबत अकरावीत शिकणारा माझा मुलगा होता.

ताम्हिणी घाट उतरून माणगाव, मंडणगड, दापोली असे करत आम्ही संध्याकाळी हर्णैला पोहोचलो. वाटेत बोलणे एकाच विषयाचे होते. मालिका १-१ अशी बरोबरीत होती खरी, पण ती बरोबरी पाहून समाधान वाटावे अशी संघाची अवस्था नव्हती. पर्थला बुमराहच्या नेतृत्वाखाली आपण २९५ धावांनी जिंकलो, ॲडलेडला दहा गड्यांनी हरलो आणि ब्रिस्बेनला पावसाने व अखेरच्या जोडीने वाचवले. आकाश दीप आणि बुमराह यांनी तिथे फॉलोऑन, म्हणजे दोनशे किंवा अधिक धावांनी मागे पडून लागलीच पुन्हा फलंदाजीला येण्याची नामुष्की, टाळला, तेव्हा घरात आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. पण नामांकित फलंदाजांनी भरलेल्या संघाला दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या खेळाडूंनी फॉलोऑनमधून सोडवावे, ही गोष्ट मला नंतर कित्येक दिवस टोचत राहिली. ती कसोटी संपताच अश्विनने ५३७ बळींवर निवृत्ती जाहीर केली. त्याआधी न्यूझीलंडने आपल्याच घरी येऊन ३-० असे हरवले होते. बंगळुरूला आपला डाव ४६ धावांत आटोपला होता. मायदेशात सलग अठरा मालिका जिंकणारा संघ दोन महिन्यांत इतका कसा खचतो, हा प्रश्न मी बरोबर घेऊनच निघाले होते.

काकांनी मात्र बरोबर घेतली होती त्यांची वही. ते ऐन उमेदीत मुंबईत लालबागला राहत असत आणि तेव्हापासून परदेशातल्या प्रत्येक कसोटीचा हिशेब ते रेघा आखलेल्या लांबट वहीत ठेवत आले आहेत. या वहीची एक रीत आहे. फलंदाजाच्या नावापुढे पहिल्या रकान्यात तो किती चेंडू खेळला हे लिहायचे आणि धावा त्यानंतरच्या रकान्यात. रेडिओच्या काळात चेंडूंचा आकडा कळत नसे, तेव्हा ते घड्याळ लावून मिनिटे लिहीत. धावा खेळपट्टीवर आणि नशिबावर अवलंबून असतात, पण किती वेळ उभे राहायचे हे पुष्कळसे आपल्या हातात असते, असे ते म्हणतात.

२६ डिसेंबर, गुरुवार. हर्णै ते गुहागर

मार्गशीर्षातला हा शेवटचा गुरुवार होता आणि त्यातच एकादशी आली होती, त्यामुळे आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथे पहाटेपासून घट मांडण्याची तयारी चालू होती. बंदराच्या तोंडावरच्या त्या घरात आज मासळी शिजणार नव्हती. पाचला पाच मिनिटे असताना काका ओटीवर येऊन बसले. समोर काळोखात सुवर्णदुर्गाची नुसती गडद रेघ दिसत होती आणि बंदरात नौकांचे दिवे हलत होते. मुलाने मोबाइल एका डब्याला टेकवून उभा केला.

ऑस्ट्रेलियाने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. आपल्या संघात शुभमन गिलला बसवून वॉशिंग्टन सुंदरला घेतले होते, कर्णधार रोहित शर्मा पुन्हा सलामीला येणार होता आणि राहुल तिसऱ्या क्रमांकावर. म्हणजे मालिकेत ज्याची फलंदाजी बऱ्यापैकी बसली होती त्या राहुललाच जागेवरून हलवले. संघ अडचणीत असला की पहिला मोह जागा बदलण्याचा होतो, आणि तो मोह आवरणे हेच बहुधा कर्णधाराचे सर्वांत कठीण काम असावे.

सॅम कॉन्स्टास हा एकोणीस वर्षांचा मुलगा पहिलीच कसोटी खेळत होता. त्याने बुमराहला यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून उलटे फटके मारले, षटकार ठोकला आणि ६५ चेंडूंत ६० धावा केल्या. २०२१ नंतर कसोटीत बुमराहला कुणी षटकार मारलेला नव्हता. माझा मुलगा थक्क होऊन पाहत होता आणि खरे तर मीही. काका पेन हातात धरून शांत होते. ते एवढेच म्हणाले, की बुमराहने चेंडूची दिशा बदललेली नाही, त्याला फळ मिळेल. पुढे दिवसभरात बुमराहनेच तीन बळी घेतले, त्यातला ट्रॅव्हिस हेडचा त्रिफळा तर शून्यावर. हेडने चेंडू सोडला आणि बेल्स उडाल्या.

विराटने कॉन्स्टासला खांद्याने दिलेला धक्का मात्र कुणालाच आवडला नाही. त्यासाठी त्याच्या सामना मानधनातून वीस टक्के रक्कम कापली गेली. छत्तीस वर्षांच्या, सगळे काही मिळवून बसलेल्या फलंदाजाने पहिल्याच सामन्यात उतरलेल्या पोराच्या वाटेत जाण्याची गरज नव्हती. ज्याची बॅट बोलत असते त्याला खांद्याचा आधार लागत नाही, आणि आम्हाला आठवणारा विराट बॅटनेच बोलत होता. दिवसअखेर ऑस्ट्रेलिया ६ बाद ३११.

जेवणात वरण-भात, लाल भोपळ्याची भाजी आणि उद्यापनाचा प्रसाद मिळाला. दोनच्या सुमारास निघालो आणि दाभोळला पोहोचलो. तिथून गाडीसकट जंगलजेट्टीवर चढून वासिष्ठीची खाडी ओलांडली, पलीकडे धोपावेला उतरलो आणि तिन्हीसांजेला गुहागरच्या नारळी-पोफळीच्या आगरांमध्ये शिरलो.

२७ डिसेंबर, शुक्रवार. गुहागर

रात्री माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या निधनाची बातमी आली होती. सकाळी आपले खेळाडू दंडाला काळ्या फिती लावून मैदानात उतरले. घराच्या मालकांनीही पडवीत आमच्याबरोबर बसून थोडा वेळ खेळ पाहिला आणि मग ते व्याडेश्वराच्या देवळाकडे निघून गेले.

सकाळचा पहिला भाग सोसण्याचाच होता. स्मिथने १४० धावा केल्या, त्याचे हे चौतिसावे कसोटी शतक. त्यांचा कर्णधार कमिन्स याच्यासोबत त्याने शंभरावर धावांची भागीदारी केली आणि ऑस्ट्रेलिया ४७४ वर सर्वबाद झाली. मग आपला डाव सुरू झाला आणि रोहित पाचव्या चेंडूवर पुल करायला जाऊन मिडऑनला झेल देऊन परतला. तीन धावा. काकांनी वहीत ५ लिहिले, पुढे ३ लिहिले आणि पेन बाजूला ठेवून चहा प्याले.

रोहितबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. तो आमच्या मुंबईचा, बोरिवलीच्या मैदानांवर वाढलेला; त्याच्या पुलचे कौतुक आम्ही पंधरा वर्षे केले. पण या मालिकेत त्याच्या खेळीच्या धावा ३, ६, १० आणि आता ३ अशा होत होत्या. हा आकड्यांपुरता खराब काळ वाटत नव्हता; त्याचे पाय चेंडूपर्यंत पोहोचतच नव्हते. तोवर तो शेवटचा रणजी सामना २०१५ मध्ये खेळला होता आणि विराट २०१२ मध्ये. काका मुंबईत असताना पावसाळ्यातले कांगा लीगचे सामने पाहायला आझाद मैदानावर जात. ओल्या खेळपट्टीवर, गवत वाढलेल्या मैदानात, चेंडू कसा येईल याचा भरवसा नसताना मोठे खेळाडूही तिथे खेळत असत आणि मऊ हातांनी खेळण्याची सवय त्यांना तिथे लागे. आजच्या वेळापत्रकात त्याला जागा राहिलेली नाही, हे मलाही समजते. पण पाय अडखळायला लागले की माणसाने परत जाऊन उभे राहावे अशी एक तरी जागा असावी, असे मला फार वाटते.

चहापानानंतरचा बराचसा खेळ मात्र सुंदर होता. यशस्वी जयस्वाल आणि विराट यांनी १०२ धावांची भागीदारी केली. विराटने ऑफस्टंपबाहेरचे चेंडू एकामागून एक सोडले. प्रत्येक सोडलेल्या चेंडूला काकांची मान हलत होती. दोन बाद १५३ झाल्यावर जयस्वालने चेंडू मिडऑनकडे ढकलला आणि धाव घेतली, विराटने नकार दिला आणि दोघेही एकाच टोकाला उभे राहिले. जयस्वाल ११८ चेंडूंत ८२ धावा करून धावबाद झाला. थोड्याच वेळात विराट, ज्याने पावणेदोन तास ऑफस्टंपबाहेरच्या चेंडूंकडे पाहिलेही नव्हते, त्याच रेषेतल्या चेंडूला बॅट लावून बसला. ८६ चेंडूंत ३६. पाठोपाठ नाइट वॉचमन म्हणून, म्हणजे दिवसअखेर मुख्य फलंदाजाला वाचवायला आधी पाठवलेला, आकाश दीपही गेला. दोन बाद १५३ वरून पाच बाद १५९. दिवसअखेर १६४.

मला सारखी २०२० ची मेलबर्न कसोटी आठवत होती. ॲडलेडला ३६ धावांत सर्वबाद झालेल्या संघाला घेऊन अजिंक्य रहाणे आठवड्याभरातच तिथे उतरला, त्याने ११२ धावा केल्या आणि जडेजाबरोबरच्या गोंधळात तो धावबाद झाला. पण मैदानाबाहेर जाण्यापूर्वी त्याने जडेजाच्या हाताला ग्लोव्ह टेकवला, काही हरकत नाही असे सांगितल्यासारखा. तो सामना आपण आठ गड्यांनी जिंकलो. धावबाद तेव्हाही झाला होता. त्यानंतर संघ कोसळला नाही, एवढा फरक होता.

दुपारी चारच्या सुमारास ओहोटी चांगली लागली होती. गुहागरचा किनारा लांबच लांब आणि सपाट, ओल्या वाळूवर रबरी चेंडू झपकन घसरत येतो. आठ-दहा पोरे खेळत होती आणि त्यांतला जो तो गुडघा टेकून कॉन्स्टाससारखा उलटा फटका मारू पाहत होता. एकाचा चेंडू तीनदा हनुवटीला लागता लागता राहिला. माझ्या मुलानेही त्यांच्यात खेळून घेतले. संध्याकाळी वेळणेश्वरावरून हेदवीला जाऊन मुक्काम केला.

२८ डिसेंबर, शनिवार. हेदवी, तवसाळ-जयगड, रत्नागिरी

या दिवसाविषयी मला सविस्तर लिहिले पाहिजे.

सकाळी पंत आणि जडेजा खेळत होते. पंतने बोलँडला एकदा खाली बसून मागे फटकावण्याचा प्रयत्न केला, तो चुकला, चेंडू पोटावर लागला. पुढच्याच चेंडूवर त्याने तोच फटका पुन्हा मारला आणि मागे थर्डला लायनकडे झेल गेला. त्या जागी दोन क्षेत्ररक्षक उभे केलेले होते आणि ते त्याला दिसत होते. पंतच्या धाडसामुळेच २०२१ मध्ये ब्रिस्बेनला आपण जिंकलो, हे मी विसरलेले नाही आणि त्याने स्वभाव बदलावा असेही माझे म्हणणे नाही. पण पाच बाद १९१ असताना, फॉलोऑन टाळायला अजून ८४ धावा हव्या असताना, कुठला चेंडू कुणासाठी सोडायचा हे समजणे हाही स्वभावाचाच भाग असायला हवा. काका एकच वाक्य म्हणाले, "चेंडू सोडूकय शिकाक लागता, बाय."

जडेजा बाद झाला तेव्हा सात बाद २२१ होते. आठव्या क्रमांकाचा नितीश कुमार रेड्डी आणि नवव्या क्रमांकाचा वॉशिंग्टन सुंदर मैदानात होते. एक एकवीस वर्षांचा, चौथी कसोटी खेळणारा. दुसरा असा, की ज्याला कधी संघात घेतात आणि कधी का काढतात हे त्यालाही सांगता आले नसते. या दोघांनी १२७ धावांची भागीदारी केली. नितीशचे फटके डोळ्यांचे पारणे फेडणारे होते, विशेषतः सरळ बॅटचे. पण काकांचे पेन वॉशिंग्टनच्या ओळीत थांबलेले होते. कमिन्स, स्टार्क, बोलँड, लायन, सगळ्यांना तो शरीराजवळ खेळत होता. चेंडू बॅटला लागून पायाशीच पडत होता. अखेर तो ५० धावांवर बाद झाला, १६२ चेंडू खेळून, एकच चौकार मारून. माझ्या मते संपूर्ण दौऱ्यातली ही सर्वांत मोलाची अर्धशतकी खेळी होती, कारण एका टोकाला तो असल्यामुळेच दुसऱ्या टोकाला शतकाची शक्यता निर्माण झाली.

त्याच्या आधी मेलबर्नला पाऊस आला आणि चहापान लवकर घेतले गेले. सात बाद ३२६. काकांनी स्वतःच अट शिथिल केली. तवसाळचा धक्का अर्ध्या तासावर होता आणि जंगलजेट्टी गाठायची तर निघायला हवे होते. आम्ही धक्क्यावर पोहोचलो आणि गाडी चढवून होईपर्यंत खेळ पुन्हा सुरू झालेला होता. शास्त्री नदीच्या मुखाशी, तवसाळ आणि जयगड यांच्या मध्ये, मोबाइलला कधी रेंज येत होती, कधी जात होती. चित्र गोठून राहायचे आणि मग एकदम तीन चेंडू पुढचे दिसायचे. अशा तुकड्यांतच वॉशिंग्टन बाद झाल्याचे कळले, मग बुमराह शून्यावर बाद झाल्याचे कळले, आणि नितीश ९९ वर दुसऱ्या टोकाला उभा होता. कमिन्सच्या षटकाचे तीन चेंडू मोहम्मद सिराजला खेळून काढायचे होते.

एव्हाना आमच्या गाडीच्या टपाशी लोक जमले होते. मासळीची पाटी खाली ठेवून उभी असलेली एक बाई, वडाप गाडीचा चालक, दोन दुचाकीस्वार, जेट्टीवर तिकिटे फाडणारा मुलगा. कुणी कुणाला ओळखत नव्हते. पहिला चेंडू सिराजने खेळला. दुसरा दिसला. मग चित्र थांबले. काकांनी वहीच मिटून छातीशी धरली. तेवढ्यात पलीकडच्या दुचाकीस्वाराच्या फोनवर, ज्याची कंपनी वेगळी होती, आवाज आला आणि तो ओरडला, "टिकला! सिराज टिकला!" पुढच्या षटकात नितीशने बोलँडला सरळ मिडऑनवरून चौकार मारला. तो आम्ही जयगडच्या बाजूला लागता लागता पाहिला. त्याने बॅट जमिनीवर टेकवून तिच्यावर हेल्मेट ठेवले आणि प्रेक्षकांत त्याचे वडील रडत हात जोडून उभे राहिले. मुलाच्या क्रिकेटसाठी त्या माणसाने नोकरी सोडलेली होती. मासळीवाल्या बाईंनी विचारले, "बापूस काय तो?" मी हो म्हटले. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पाटी डोक्यावर घेऊन त्या उतरून गेल्या.

जयगडचा किल्ला पाहायचे ठरले होते, पण काका थकले होते. अपुऱ्या प्रकाशामुळे खेळ थांबला, नऊ बाद ३५८, नितीश नाबाद १०५. गणपतीपुळ्याला दर्शन घेऊन संध्याकाळी रत्नागिरीला आत्याकडे पोहोचलो. आत्याने काकांना आवडतात म्हणून घावणे केले होते.

२९ डिसेंबर, रविवार. रत्नागिरी ते देवगड

आपला डाव ३६९ वर आटोपला, नितीश ११४. एकशे पाच धावांची पिछाडी. त्यानंतर बुमराहने जे केले, ते पाहताना आत्याच्या घरात कुणी जागचे उठले नाही. कॉन्स्टासचा त्रिफळा उडवून त्याने पहिल्या डावाचा हिशेब चुकता केला. पुढे ट्रॅव्हिस हेडला बाद करून त्याने दोनशेवा कसोटी बळी घेतला. वीसपेक्षा कमी सरासरी राखून दोनशेपर्यंत पोहोचलेला तो कसोटीच्या इतिहासातला पहिलाच गोलंदाज. सिराजनेही त्याला साथ दिली आणि दोन बाद ८० वरून ऑस्ट्रेलिया सहा बाद ९१ झाली.

आणि त्याच डावात जयस्वालच्या हातून तीन झेल सुटले. ख्वाजाचा, लाबुशेनचा आणि कमिन्सचा. लाबुशेनने पुढे ७० धावा केल्या. मी त्या मुलाला दोष देत नाही. पहिल्या डावात वरच्या फळीतली सर्वांत मोठी खेळी त्याचीच होती. पण एक माणूस थकलेल्या शरीराने संधी निर्माण करतो आणि ती हातातून निसटते, तेव्हा तो माणूस पुन्हा मागे चालत जाताना जो दिसतो, ते पाहवत नाही. दिवसाच्या अखेरीला लायन आणि बोलँड ही शेवटची जोडी टिकून राहिली. बुमराहने लायनला स्लिपमध्ये झेलबाद केले, आम्ही उठून उभे राहिलो आणि पंचांनी नोबॉल दिला. नऊ बाद २२८, आघाडी ३३३.

आत्याच्या यजमानांनी जेवताना पालवणकर बाळूंचा विषय काढला. कोकणाशी नाते सांगणाऱ्या कुटुंबातले ते डावखुरे फिरकी गोलंदाज १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेले होते. तो संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. म्हणजे परदेशात संघ हरतो आहे आणि एकटा गोलंदाज षटकामागून षटक टाकतो आहे, हे दृश्य शंभर वर्षांहून जुने आहे. काकांना हे पटले, पण त्यांनी लगेच १९८१ ची मेलबर्न कसोटी सांगितली. ऑस्ट्रेलियाला जिंकायला १४३ धावा हव्या होत्या. कपिल देव मांडीच्या दुखण्याने बेजार होता, तरी त्याने २८ धावांत पाच बळी घेतले आणि ऑस्ट्रेलिया ८३ धावांत संपली. "पण एकटो कपिल नव्हतो," काका म्हणाले. पायाचे हाड मोडलेले असताना दिलीप दोशी गोलंदाजी करत होता, आणि त्याआधी विश्वनाथने शतक केले होते, गावस्कर-चौहान यांनी दीडशेवर सलामी दिली होती. त्यांच्या वहीत त्या सामन्याचे पान अजून आहे, मिनिटांच्या रकान्यासह.

दुपारी पावस, पूर्णगड, आडिवरे या वाटेने निघालो. आडिवऱ्याच्या पुढे भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यात टेनिस चेंडूच्या स्पर्धा चालू होत्या. लाऊडस्पीकरवर मराठीत समालोचन, बांधावर बसलेली माणसे, मोजकीच षटके आणि त्यामुळे प्रत्येक चेंडूवर फटका. आम्ही गाडी थांबवून अर्धा तास पाहिले. या खेळातही कौशल्य असते. उताराच्या जमिनीवर, अडथळ्यांच्या मैदानात चेंडूचा अंदाज घेणारी ही मुले फार तयारीची असतात. पण त्या अर्ध्या तासात एकाही फलंदाजाने एकही चेंडू सोडला नाही. कसोटी संघातल्या मुलांनाही आता याच गतीची सवय लागली असेल, तर सोडण्याची सवय त्यांना कोण लावणार, असे मला तिथे उभे राहून वाटले. जैतापूरचा पूल, पुढे वाघोटनची खाडी, पडेल आणि काळोख पडल्यावर काकांचे घर.

३० डिसेंबर, सोमवार. घरी

सोमवती अमावस्या. शेजारच्या वहिनींनी घर झाडून-सारवून ठेवले होते. खळ्याच्या कडेला असलेल्या कलमांपैकी दोनांना मोहोर फुटला होता आणि बाकीच्यांना कोवळी पालवी. काकांनी पहाटे आधी त्यांच्याखालून एक चक्कर मारली आणि मग टीव्हीसमोर बसले.

बुमराहने पाचवा बळी घेऊन डाव संपवला, ५७ धावांत पाच. सामन्यात त्याने ५३.२ षटके टाकली. बोलँडने अकराव्या क्रमांकावर ७४ चेंडू खेळून नाबाद १५ धावा केल्या होत्या आणि काकांनी तो आकडा वहीत ठळक लिहिला. आपल्याला ३४० धावांचे आव्हान होते. जिंकण्याचे बोलणे घरात कुणी काढले नाही. दिवस काढायचा होता.

रोहितने ४० चेंडू खेळले, नऊ धावा केल्या आणि कमिन्सने त्याला गलीत झेलबाद केले. त्याच षटकात राहुल शून्यावर गेला. उपाहाराच्या तोंडावर विराटने स्टार्कच्या बाहेर जाणाऱ्या चेंडूचा पाठलाग केला आणि स्लिपमध्ये झेल दिला. तीन बाद ३३. त्यानंतरच्या सत्रात एकही बळी गेला नाही. जयस्वाल आणि पंत खेळत राहिले, आणि ज्या पंतवर मी दोन दिवसांपूर्वी चिडले होते त्याने चेंडूमागून चेंडू जमिनीलगत खेळला. चहापानाला तीन बाद ११२. आम्ही तिघांनीही त्या वेळी मनात हा सामना अनिर्णित धरला होता.

चहापानानंतर कमिन्सने चेंडू हेडच्या हाती दिला. हेड काही मुख्य गोलंदाज नव्हे. १०३ चेंडू धीराने खेळलेल्या पंतने १०४ वा चेंडू उचलून मारला आणि लाँगऑनला मिचेल मार्शने झेल घेतला. जडेजा १४ चेंडूंत गेला, नितीश पाच चेंडूंत. जयस्वाल मात्र उभा होता. २०८ चेंडू खेळून ८४ धावांवर असताना कमिन्सच्या उसळत्या चेंडूवर यष्टिरक्षकाकडे झेल गेल्याचे अपील झाले. मैदानावरच्या पंचांनी नाबाद दिले. तिसऱ्या पंचांना स्निकोवर, म्हणजे चेंडूच्या स्पर्शाचा आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, काही दिसले नाही, पण चेंडूची दिशा बदललेली दिसली म्हणून त्यांनी बाद दिले. माझा मुलगा खूप रागावला. मलाही क्षणभर राग आला. काका म्हणाले की ग्लोव्हजला लागून चेंडू वळला हे आपल्या नव्या डोळ्यांना दिसले, आणि दिसले ते नाकारायचे नाही. त्यांचे मत मला योग्य वाटते. पंचांच्या निर्णयावर बोट ठेवून या पराभवाचे कारण बाजूला सारता येणार नाही. शेवटचे सात फलंदाज ३४ धावांत बाद झाले, सर्वबाद १५५, आणि १८४ धावांनी हार.

दुपारी मी आणि मुलगा समुद्रावर गेलो. अमावस्येची भरती होती, पाणी पार वरच्या वाळूपर्यंत चढले होते आणि खेळायला जागा उरली नव्हती. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले की बुमराह पुढच्या सामन्यातही इतकी षटके टाकू शकेल का. मालिकेत त्याचे तीस बळी झाले होते आणि त्याच्या खालोखालचा गोलंदाज फार मागे होता. मला त्याला खोटा धीर देता आला नाही. इतक्या लांब चालणाऱ्या मालिकेत एकाच खांद्यावर एवढा भार टाकणे चुकीचे आहे, आणि तो खांदा दुखावला तर दोष गोलंदाजाचा नसेल, असे मी म्हटले.

संध्याकाळी काकांनी ओटीवर बसून वही पूर्ण केली. जयस्वाल २०८. पंत १०४. रोहित ४०. विराट २९. वॉशिंग्टनच्या ओळीशी आल्यावर ते थांबले आणि त्यांनी मला विचारले, "तो किती चेंडू खेळलो?"

"पंचेचाळीस. नाबाद पाच."

त्यांनी पंचेचाळीस लिहिले आणि त्याखाली पेनने रेघ ओढली. दोन्ही डाव मिळून २०७ चेंडू झाले आणि त्यांत तो एकदाच बाद झाला, हे त्यांनी बेरीज करून मुलाला दाखवले. मग वही त्याच्याकडे दिली. सिडनीचा सामना ३ जानेवारीपासून आहे, तेव्हा पान तयार करून ठेव, असे त्यांनी सांगितले. मुलाने पट्टी घेतली आणि ओटीवरच्या दिव्याखाली बसून रेघा आखल्या : अकरा नावांसाठी अकरा, त्यांच्या खाली अवांतर धावांसाठी एक, आणि डावीकडे पहिला रकाना चेंडूंचा.